खारू कोणाशी बोलते

वाचनालयाच्या वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खारूच्या आईनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि आतून तिला आपल्या मुलीचा आवाज ऐकू आला. नुसता आवाज नाही, अख्खं वाक्य. "लिफ्ट नुसती दोरीला लटकत नाही काही, दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक भलंमोठं वजन असतं, लिफ्ट वर गेली की ते खाली येतं आणि ते वर गेलं की लिफ्ट खाली, म्हणून बाबा म्हणतात मोटार नुसती नावाला, खरं काम वजनच करतं." कुठे अडखळणं नाही, ओठ गच्च मिटून डोळे फिरवणं नाही, पहिल्याच अक्षरावर गाडी रुतून बसणं नाही. सायकल उतारानं यावी तसं वाक्य आलं आणि गेलं. मागोमाग दुसरा आवाज, भरदार, मऊ, प्रत्येक अक्षर धुऊनपुसून ठेवल्यासारखा: "आणि दोरीच तुटली तर गं?" यावर खारू खदखदून हसली. खारूच्या आईचा हात मुठीवरच राहिला. ज्या वाक्यासाठी तिनं नोकरी सोडली, नातेवाइकांची बोलणी खाल्ली, कुणाकुणाचे उंबरे झिजवले, ते वाक्य एका दाराच्या पलीकडे असं सहज सांडलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही असं नाही. पण त्याला कोपरानं ढकलून दुसरंच काहीतरी पुढे घुसलं. छातीत नाही, पोटातही नाही, दाढेत. किडक्या दाढेला गार पाणी लागावं तसं. ही लिफ्टची गोष्ट मला का नाही सांगितली? घरचा लिफ्टवाला, घरची मुलगी, आणि गोष्ट परक्या बाईला. ती हळूच दोन-चार पायऱ्या खाली उतरली, चपला वाजवत पुन्हा वर चढली, खोकली आणि मग आत गेली. तोवर खारू गप्प झाली होती.

खोलीत शनिवारची नेहमीची मंडळी जमत होती. मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी ही कुटुंबं; एकमेकांना कुणी नावानं हाक मारत नसे. मुलाचं नाव नाहीतर टोपणनाव घ्यायचं आणि पुढे आई किंवा बाबा जोडायचं. त्यामुळे खारूच्या आईला कित्येकदा वाटायचं, आपण एके काळी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होतो, आपल्याला पगार होता, पांढरा कोट होता, हे आता फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. अपवाद दोघांचा. एक मधवाला, जो गावाबाहेर मधमाश्या पाळायचा आणि पोरांना माश्यांच्याच हिशेबात गणित शिकवायचा. आणि दुसऱ्या या बातमीबाई. त्या रेडिओवर वर्षानुवर्षं बातम्या द्यायच्या. रस्त्यात त्यांना कुणी ओळखत नसे, पण दुकानात त्यांनी साबण मागितला की गिऱ्हाइकं माना वळवून बघायची. जुळ्या मुलांना घरी शिकवायचं म्हणून त्यांनी रेडिओ सोडला आणि मागच्या हिवाळ्यात त्या या खोलीत आल्या. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं. बातमीबाई खुर्ची सोडून जमिनीवर बसत, मांडीवर कोपर टेकत आणि समोरचं पोर बोलत असलं की अशा ऐकत की जणू जगातली सगळ्यात महत्त्वाची बातमी तीच. खारूच्या आईनं हे पाहिलं होतं. पाहून तिला बरंही वाटलं होतं, सुरुवातीला.

सुरुवातीला म्हणजे खारू त्यांच्याशी बोलू लागेपर्यंत. खारू बोलत नाही, हे तर सगळ्या जगाला माहीत होतं. ती पेन्सिल दोन्ही हातांत धरून कुरतडत बसते म्हणून तिचं नाव खारू पडलं. शाळेत हजेरी हा तिचा रोजचा फास होता. बाईंनी नाव घेतलं की खारू उभी राहायची आणि 'हजर' मधला 'ह' घशात अडकायचा. सगळा वर्ग तिच्याबरोबर श्वास रोखून धरायचा आणि मग कुणीतरी फिसकन हसायचं. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "उद्यापासून तू नुसता हात वर कर." दुसऱ्या दिवसापासून खारू हात वर करू लागली, आणि हळूहळू प्रत्येक गोष्टीला हातच वर करू लागली, तहान लागली तरी, पडली तरी, घरीसुद्धा. एके दुपारी स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागे हात वर करून ती किती वेळ उभी होती कोण जाणे. आईनं वळून पाहिलं आणि तो हात धरून खाली घेतला. त्या आठवड्यातच तिनं खारूचं नाव शाळेतून काढलं. पुढे सरकारी वाचा-उपचार केंद्रात गेली तर खिडकीतला माणूस म्हणाला, "पटावर नाव कुठल्या शाळेच्या?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावून टाकलं. केंद्र शाळेतल्या मुलांसाठी. शाळेच्या पटावर नाव असेल तर फुकट, नसेल तर मुळीच नाही, पैसे देऊनही नाही. "अहो, शाळेनंच तिचा आवाज घालवला आणि शाळेत असेल तरच तुम्ही तो परत देणार?" असं ती म्हणाली होती, म्हणाली म्हणजे बाहेर पायरीवर आल्यावर, स्वतःशी. पण तिथूनच सगळं सुरू झालं. तिच्यासारखी आणखी माणसं तिनंच हुडकून काढली. कुणाच्या मुलाला परीक्षेला बसायला केंद्र मिळत नव्हतं, कुणाला प्रयोगशाळेत पाय ठेवू देत नव्हते. सरकार मुलामागे पैसा ठेवतं, पण तो शाळेच्या इमारतीला बांधलेला; मूल बाहेर पडलं की पैसा आत राहतो आणि मूल उघड्यावर. नियम बदला, एवढंच मागणं. त्यासाठी तिनं शिक्षण खात्यातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला फोन करकरून असं पिडलं होतं की शेवटी तो तिचा आवाज ऐकताच "बोला, खारूच्या आई" म्हणू लागला होता.

आणि आता खरोखरच नव्या नियमांचा मसुदा निघाला होता, समितीपुढे सुनावणी ठरली होती, आणि या कुटुंबांच्या वतीनं एकानं बोलायचं होतं. शनिवारची बैठक त्यासाठीच होती. खारूच्या आईनं घरून निघताना ठेवणीतली साडी नेसली होती, आणि आपण ती का नेसलो हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मधवाला खाकरला. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुद्दे खारूच्या आईचे, त्यात वाद नाही. पण आवाज बाईंचा असावा. समितीत बसलेले सगळे त्यांच्या बातम्या ऐकत म्हातारे झालेत." सगळे हसले. कुणी म्हणालं, खरंच आहे. बातमीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "छे, छे, मी काल आलेली. हा मान यांचा आहे." इतकं नेमकं, इतकं गोड. नाही म्हणतानाही बाईचा आवाज असा की माणसाला वाटावं, हिनंच बोलावं. "मी तेच सुचवणार होते," खारूची आई म्हणाली. आपला आवाज तिच्या कानाला पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. खारू खिडकीशी बसून बातमीबाईंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. लहान मुलांना अभिमान लपवता येत नाही. तो कोणाबद्दल आहे तेही.

बसमध्ये तिनं विचारलं, "काय सांगत होतीस गं त्यांना?" खारूनं खांदे उडवले. "का... का... काही नाही." घरी आल्यावर नवऱ्याला ती तावातावानं सांगू लागली. तो पायरीवर बसून बुटांचं ग्रीस पुसत होता. दिवसभर लिफ्टच्या उभ्या विहिरीत काम करून आला की तो असाच बाहेर बसायचा, थोडा वेळ आभाळ बघायचा. "म्हणजे बोलली ना पोरगी?" तो म्हणाला. "मग कोणाशी बोलली त्याचं काय लोणचं घालायचंय?" "तुम्हाला नाही कळायचं." "नाही कळत खरं," तो प्रामाणिकपणे म्हणाला आणि पुन्हा बूट पुसू लागला. त्याच्या या समजूतदारपणाचा तिला फार राग आला. आपल्याला जे टोचत होतं त्याला काय म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. शेजारणीच्या साडीबद्दल, बहिणीच्या घराबद्दल हे वाटलं असतं तर तिनं स्वतःच स्वतःला हसून गप्प केलं असतं. पण मुलीच्या आवाजाबद्दल? ज्या बाईनं आपल्या लेकीचं तोंड उघडलं तिच्या पाया पडायचं की तिचं तोंड बघायचं नाही? दुकानात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायची, हे स्पष्ट दिसतं की ते? हे की ते? माणसं नेहमी गोंधळायची, म्हणायची, दोन्ही सारखंच वाटतंय हो. तेव्हा तिला त्यांची कीव यायची.

पुढचे काही दिवस तिनं एक वेडेपणा केला. खारूला शिकवताना ती बातमीबाईंसारखं बोलू लागली. संथ, शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळत. जमिनीवर बसू लागली, मांडीवर कोपर टेकू लागली, गुडघे दुखायचे. खारूनं एक दिवस, दोन दिवस सहन केलं. मग तिनं वहीतून डोकं वर काढलं. "आई, तू अ... अ... अशी का बोलतेस?" "कशी?" खारूच्या नजरेत जी दया होती ती आईला झोंबली. मिरचीचा हात डोळ्याला लागावा तशी. उठून ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि वाहत्या पाण्यात नुसतेच हात धरून उभी राहिली. आपली पोर आपल्याला ओळखते, इतकं ओळखते की आपण दुसऱ्याचे झालो तर तिला लगेच कळतं. मग आपल्याशीच तिची जीभ का अडते? हा विचार तिनं तिथेच सोडून दिला. त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं असतं तर काहीतरी दिसलं असतं, आणि ते तिला बघायचं नव्हतं.

कारकुनाचा फोन आला तेव्हा खारू टेबलावर नकाशा रंगवत होती. "एक सांगून ठेवतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अध्यक्षबाई पूर्वीच्या मुख्याध्यापिका. त्या तुमच्या बाजूच्या नाहीत आणि विरोधातही नाहीत. त्या एकच प्रश्न विचारणार: शाळेतलं मूल चार माणसांच्या नजरेखाली असतं, घरातल्या मुलाला कोण बघतं? याला उत्तर असेल तर तुमचं काम झालं." उत्तर होतं. सरकारी माणूस दारात येऊ द्यायचा का, यावरून हाच प्रश्न मंडळींना दोन तुकड्यांत फोडायचा म्हणून शनिवारी तो कुणी काढत नसे, पण खारूच्या आईनं त्याचं उत्तर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना कितीदा मनात बोलून पाहिलं होतं. फोन ठेवताना ती मोठ्यानंच म्हणाली, "घरातल्या मुलाला कोण बघतं! विचारू देत, विचारू देत." त्याच संध्याकाळी बातमीबाई तयारीसाठी घरी आल्या. येताना जुळ्यांना बहिणीकडे सोडून आल्या होत्या, दमलेल्या दिसत होत्या, पण आवाज तसाच. खारूच्या आईनं हातचं काही राखलं नाही. केंद्राची गोष्ट सांगितली, परीक्षांची सांगितली, नियमातली कुठली ओळ कुणाला कशी आडवी येते ते सांगितलं. बातमीबाई मन लावून ऐकत होत्या आणि ऐकताना मान डोलवत होत्या, आणि आपण यांना सांगत सुटलोय, आपल्यालाही यांना सांगावंसं वाटतंय, हे लक्षात येऊन ती एकदम थांबली. "आणखी काही विचारतील का हो?" बातमीबाईंनी विचारलं. "मला आयत्या वेळी सुचत नाही. पुढ्यात कागद असला तरच मी शहाणी." दिव्याखाली खारू रंगवत होती. तिचा हात थांबला. "नाही," खारूची आई म्हणाली. "एवढंच." खारूनं मान वर करून आईकडे पाहिलं. तिला हात वर करता आला असता. तिनं केला नाही. पुन्हा खाली बघून ती समुद्र रंगवू लागली, एकाच जागी, कागद फाटेपर्यंत.

सुनावणीचं दालन लांबट होतं आणि खुर्च्या अशा खोल की बसलेला माणूस आपोआप लहान दिसे. बातमीबाई उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या तसे समितीतले लोक मागे टेकून बसले. खारूचीच गोष्ट होती, नाव न घेता. हात वर करून उभी राहिलेली एक मुलगी. खारूच्या आईनं ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली होती, आणि आता दुसऱ्या आवाजात ऐकताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्याचाही तिला राग आला. माझं दुःखसुद्धा ही माझ्यापेक्षा चांगलं सांगते! मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "छान बोललात. आता मला सांगा. शाळेत एखादं मूल उपाशी आलं, कुणाच्या अंगावर वळ दिसला, कुणाला वाचताच येत नाही, तर कुणाच्या तरी ध्यानात येतं. तुमच्या बंद दाराआड काय चाललंय ते आम्हाला कसं कळणार? आणि न कळता जनतेचा पैसा आम्ही का द्यावा?" बातमीबाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी पुढ्यातला कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. जिच्या आवाजानं कधी क्षणभराची फट पडू दिली नव्हती ती बाई गप्प उभी होती. गळ्याची शीर दिसत होती. आणि खारूच्या आईच्या जिभेवर, होय, गोड चव आली. खरोखरची. असा गोडवा तिला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. आता कळेल. आता सगळ्यांना कळेल, घशात शब्द अडकतो म्हणजे काय होतं. हे मनात आलं मात्र, आणि तिची नजर खारूकडे गेली. खारू बातमीबाईंकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती.

खारूची आई उठली तेव्हा खुर्ची करकरली. "मी बोलू का?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बोलू लागली. पाठ केलेलं काहीच आठवेना. "या ना. बघायला या. म्हणजे... मला तेच म्हणायचंय. घरात एकटीनं शिकवताना आपलं कुठे चुकतंय ते आपल्याला दिसत नाही. कुणीतरी बघायलाच पाहिजे. जो सरकारची मदत घेईल त्याच्या घरी वर्षातून एकदा माणूस पाठवा. पण पोलिसासारखा नको, शिकवणारा पाठवा. त्यानं मुलाशी बोलावं, आमच्याशी नाही. आम्ही काय, आम्ही छानच सांगणार." कुणीतरी हसलं. मधवाल्यानं हातातली टोपी पिळली. सरकारचा माणूस दारात म्हणजे त्याला पोळ्यापाशी अस्वल. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "ज्यांना मदत नको त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांचं त्यांना करू द्या. आणि आम्हाला पैसे हातात नकोत. शाळेतल्या मुलाला जे दार उघडं आहे ते आमच्या मुलाला उघडा, दवाखान्याचं, प्रयोगशाळेचं, परीक्षेचं. पोर शाळेत तोतरं झालं तर ते सरकारचं आणि घरी तोतरं राहिलं तर आईचं, हा कुठला न्याय?" बोलता बोलता तिला जाणवलं की आपण काय मागतोय. आपण इतकी वर्षं भांडतोय ते यासाठी की परक्या माणसांनी आपल्या मुलीशी बोलावं, तिला शिकवावं, तिचं तोंड उघडावं, आपण बाहेर बसावं. एक परकी बाई तर आधीच आली होती, कुठल्याही नियमाशिवाय. ती मध्येच थांबली. "एवढंच," ती म्हणाली आणि बसली. अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या मसुद्यावर काहीतरी लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर सगळे बातमीबाईंभोवती गोळा झाले. काय बोललात बाई, अंगावर काटा आला. खारूच्या आईलाही एकदोघांनी म्हटलं, तुम्हीही वेळेवर सावरलंत हो. गर्दी पांगल्यावर बातमीबाई तिच्याजवळ आल्या. "तुम्हाला माहीत होतं ना, हा प्रश्न येणार म्हणून?" खारू आईचा हात धरून उभी होती. खोटं बोलायला जागाच नव्हती. "हो." "मला वाटलंच," बातमीबाई म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खारूच्या डोक्यावरून हात फिरवला, पर्सची साखळी लावली आणि त्या निघून गेल्या. पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. सुंठीवाचून खोकला गेला. खारूच्या आईनं स्वतःला हे बजावून पाहिलं, आणि खारू वाचनालयाच्या खिडकीशी पेन्सिल कुरतडत बसलेली पाहून तिला ते शब्द तोंडात धरवेनात. खारू आता लिफ्टबद्दल कुणालाच सांगत नव्हती. आईशी ती एका शब्दात बोले, बापाशी अर्ध्या.

नवे नियम उन्हाळ्याच्या तोंडावर लागू झाले. सगळं मिळालं नाही. प्रयोगशाळेचं घोंगडं भिजतच राहिलं. पण परीक्षेचं केंद्र मिळालं, वाचा-उपचार केंद्राचं दार उघडलं, आणि वर्षातून एकदा घरी यायच्या माणसानं आधी मुलाशी बोलावं, हे वाक्य जवळजवळ तिच्याच शब्दांत छापून आलं. मधवाल्यानं मधाची बाटली आणून दिली. "मी काही त्यांना घरात घेणार नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही माझीही सोय ठेवलीत." खिडकीतल्या त्याच माणसानं खारूचं नाव लिहून घेतलं. उपचार करणारा तरुण होता, सारखा सर्दीनं बेजार, पण घाई न करणारा. काही बैठका झाल्यावर त्यानं आईला आत बोलावलं. "घरच्यांशी ती अडखळते, माझ्याशीही. ठीक आहे, वेळ लागेल. पण असं कुणी आहे का, जिच्याशी किंवा ज्याच्याशी ती मोकळं बोलते? तिथून धरता येईल." खारू टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, तिनं वर पाहिलं नाही. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. नाही, एवढंच. तिच्या तोंडात तो शब्द तयार होता, पूर्वीसारखाच गुळगुळीत. दाढेतली ती जुनी कळ उठली. "आहेत एक बाई," ती म्हणाली. टेबलावरचं बोट थांबलं.

बातमीबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि घसा बसलेला. खोलीत शाळेचे दोन नवे कोरे गणवेश दोरीवर वाळत होते. खारूच्या आईची नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "घातलं शाळेत," त्या म्हणाल्या. "मीही परत रेडिओवर जातेय. नाही जमलं मला. दुसऱ्यांच्या मुलांचं ऐकून घेता येतं हो, स्वतःच्यांवर मी नुसती ओरडते. तुम्ही कसं निभावता देव जाणे." खारूच्या आईला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं, आणि तरीही बरं वाटायचं थांबलं नाही. तिला आत या, बसा म्हणायचं बातमीबाईंकडून राहूनच गेलं होतं. दोघी दारातच उभ्या होत्या. "मी त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. "ठाऊक आहे." "खारू तुमच्याशी बोलते म्हणून." बातमीबाईंना हे मात्र ठाऊक नसावं. "तुमच्याशी बोलत नाही?" "अडते." "काय करता तुम्ही, ती अडली की?" "काय करणार? शब्द सांगते. तिचा त्रास बघवत नाही." "मी काहीच करत नाही," बातमीबाई म्हणाल्या. "थांबते. रेडिओवर कधी थांबायलाच मिळालं नाही, म्हणून मला आवडतं थांबायला." इतकं साधं. इतकं साधं असावं आणि ते या बाईनं सांगावं, याचा तिला संताप आला, आणि त्या संतापातच ती म्हणाली, "तिला तुमच्याकडे पाठवू का?" बातमीबाईंनी उंबऱ्यावरचे जुळ्यांचे बूट पायानं बाजूला सारले. "पाठवा. पण एकटीला पाठवा."

बुधवारी दुपारी खारू एकटी गेली. आई बसथांब्यापर्यंतही गेली नाही. खारूनंच नको म्हणून सांगितलं होतं. सांगायला तिला वेळ लागला, आणि आई सगळा वेळ ओठ आवळून उभी राहिली. मग घर एकदम मोठं झालं. कित्येक वर्षांत दुपारच्या वेळी या घरात ती एकटी नव्हती. ती भाजी निवडायला बसली आणि मनात खारू बसमधून उतरत होती, जिना चढत होती, जमिनीवर मांडी घालत होती, तोंड उघडत होती. काय सांगत असेल? आपल्याबद्दल सांगत असेल का? नसेल तर बरं, आणि नसेल तर वाईट. त्या दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून नवरा उन्हातच घरी आला, हातपाय धुऊन टेबलाशी बसला आणि त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"खारू कुठंय?"

"शिकायला गेलीये."

"कोणाकडे?"

"त्यांच्याकडे."

निवडलेल्या भाजीतली एक काडी त्यानं उचलली आणि जपून विचारलं, "चालतं तुला?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात चालत नाही." आणि तिनं पुढची जुडी सोडली.